‘ड्रॅक्युला’: कपाळावरचा डाग आणि ख्रिस्ती दयेचा प्रश्न

जुनी_जिल्द

ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ पुन्हा एकदा सलग वाचून काढली. ही कादंबरी आपल्या ओळखीची आहे, असे मी कित्येक वर्षे समजत होतो. पण ती ओळख पुस्तकातून झालेली नव्हती, चित्रपटांतून झालेली होती, हे या वाचनात ध्यानात आले. क्रूस उगारला की पिशाच मागे हटते, छातीत खुंटी ठोकली की त्याचा अंत होतो आणि चांगल्यांचा जय होतो, एवढ्यावर बहुतेकांच्या मनातला ‘ड्रॅक्युला’ संपतो. मूळ कादंबरीने ख्रिस्ती नीतिविचार याहून बराच अवघड ठिकाणी नेऊन ठेवला आहे. माझ्या वाचनाप्रमाणे तिच्यापुढे दोन प्रश्न आहेत. स्वतःची संमती नसताना ज्याला पापाचा स्पर्श झाला, तो दोषी ठरतो का? आणि ज्याचा नाश करणे भागच आहे, त्याच्याविषयी दया बाळगता येते का?

सुरुवात क्रुसापासूनच करतो. जोनाथन हार्कर हा तरुण इंग्लिश वकील काउंट ड्रॅक्युलाच्या किल्ल्याकडे जाताना ३ मे रोजी ट्रान्सिल्व्हेनियातल्या बिस्ट्रिट्झला पोहोचतो. दुसऱ्या दिवशी, सेंट जॉर्जच्या सणाच्या आदल्या दिवशी, खाणावळीची म्हातारी मालकीण गुडघे टेकून त्याची विनवणी करते की आज मध्यरात्री जगातल्या सगळ्या दुष्ट शक्तींना मोकळे रान मिळणार आहे, तेव्हा जाऊ नका. तो ऐकत नाही असे पाहून ती आपल्या गळ्यातला क्रूस काढते आणि ‘तुमच्या आईसाठी’ असे म्हणून त्याच्या गळ्यात घालते. हार्कर इंग्लंडच्या चर्चचा अनुयायी आहे आणि अशा वस्तू काही अंशी मूर्तिपूजेच्या कोटीतल्या असतात, अशी शिकवण त्याला मिळालेली आहे. पण म्हातारीचे मन मोडवत नाही, म्हणून तो क्रूस ठेवून घेतो. थोडक्यात, श्रद्धेपोटी नव्हे तर भिडेपोटी. पुढे किल्ल्यात दाढी करताना त्याला कापते, रक्त पाहून काउंट त्याच्या गळ्यावर झडप घालतो, आणि हात त्या माळेला लागताच त्याचा आवेश क्षणात ओसरतो. ज्या वस्तूकडे नापसंतीने पाहायला आपण शिकलो, तीच एकाकीपणात उपयोगी पडावी हे विचित्रच, असे हार्कर रोजनिशीत लिहितो. क्रूस धरणाऱ्याची श्रद्धा असली तरच तो चालतो, ही कल्पना नंतरच्या भयकथांमध्ये रूढ झाली. या कादंबरीत ती नाही.

लेखकाची पार्श्वभूमी इथे विसरून चालणार नाही. स्टोकर १८४७मध्ये डब्लिनजवळ क्लॉन्टार्फ येथे जन्मले आणि आयर्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये वाढले. बहुसंख्य कॅथलिक देशातल्या अल्पसंख्य प्रॉटेस्टंट घरातल्या या माणसाने आपल्या नायकांच्या हाती क्रूस, जपमाळ आणि मिस्सेतली (कॅथलिक उपासनेतली) पवित्र भाकर दिली, हे सहज घडलेले नाही. कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच सुमारास, मे १८९७मध्ये, त्यांनी तिची एक प्रत माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना पाठवली. सोबतच्या पत्रात त्यांनी कबूल केले आहे की या पुस्तकात अंधश्रद्धेशी अंधश्रद्धेच्याच शस्त्रांनी लढा दिलेला आहे, तरी ते श्रद्धेचा अवमान करणारे नसावे अशी आशा आहे. ग्लॅडस्टन धर्मनिष्ठ होते, त्यामुळे लेखकाने आधीच सावरून घेतले असेल. पण आपण कोणत्या निसरड्या जागी उभे आहोत हे त्याला माहीत होते, एवढे नक्की.

सैतान स्वतः काही निर्माण करू शकत नाही, तो देवाच्या गोष्टींची वेडीवाकडी नक्कल करतो, हा ख्रिस्ती विचारातला जुना धागा आहे आणि कादंबरीची सगळी रचना त्यावर विणलेली आहे. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू आपले रक्त पिणाऱ्याला सार्वकालिक जीवनाचे वचन देतो. काउंटही रक्तातूनच मरण टाळतो, फरक इतकाच की तो दुसऱ्याचे घेतो. हार्करची पत्नी मिना हिला तो स्वतःचे रक्त जबरदस्तीने पाजतो आणि ‘माझ्या मांसातले मांस, माझ्या रक्तातले रक्त’ असे म्हणतो, तेव्हा उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातले आदामाचे उद्गार त्याच्या तोंडी विटाळून येतात. काउंटचा माग काढणारे डच डॉक्टर व्हॅन हेल्सिंग पुढे या प्रसंगाला रक्ताचा बाप्तिस्मा म्हणतात.

या नकलेचा सर्वांत नेमका नमुना मात्र वेड्यांच्या इस्पितळातल्या रेनफिल्डपाशी आहे. माश्या, कोळी, चिमण्या असे जीव चढत्या क्रमाने गिळून आयुष्य साठवू पाहणारा हा माणूस ‘रक्त म्हणजे जीवन’ हे वचन घोकत असतो. ते बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातले आहे, आणि तिथे ते रक्त पिण्याची मनाई करण्यासाठी आलेले आहे! मनाईचे कारण तेवढे उचलायचे आणि मनाई सोडून द्यायची, ही शास्त्र वाचण्याची रीत वेडापुरती मर्यादित नाही, एवढे जाता जाता म्हणतो. याच रेनफिल्डच्या खिडकीबाहेर काउंट एका रात्री लाल डोळ्यांचे हजारो उंदीर उभे करतो आणि म्हणतो की माझ्या पाया पडून माझी उपासना केलीस, तर हे सगळे जीव आणि याहून कितीतरी अधिक जीव तुला देईन. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय ज्यांनी वाचला आहे, त्यांना डोंगरावर येशूला जगातली राज्ये दाखवणारा सैतान इथे तत्काळ ओळखता येईल. येशूला राज्ये देऊ केली होती, रेनफिल्डला उंदीर. आणि रेनफिल्ड खिडकी उघडून ‘या, स्वामी’ म्हणतो.

आता मूळ मुद्दा. ३ ऑक्टोबरच्या सकाळी मिनाचे रक्षण व्हावे म्हणून व्हॅन हेल्सिंग तिच्या कपाळाला पवित्र भाकरीचा स्पर्श करतात आणि तापलेले लोखंड टेकवावे तसे तिचे कपाळ भाजते. ती किंचाळते, ‘अशुद्ध! अशुद्ध! सर्वसमर्थ देवसुद्धा माझा स्पर्श टाळतो!’ तिच्यावर अत्याचार झाला होता. तिने काही मागितले नव्हते, काही स्वीकारले नव्हते. तरीही डाग तिच्याच कपाळावर उमटतो. त्याच दिवशी संध्याकाळी सूडाने पेटलेला तिचा नवरा, काउंटचा आत्मा अनंतकाळ नरकात जळत ठेवता आला तर तेही करीन, असे म्हणतो. तेव्हा तीच मिना सगळ्यांना सांगते की ज्याने हे सारे दुःख घडवले, तो जीव सर्वांत कीव करण्याजोगा आहे. त्याचा नाश करताना हात आखडू नका, पण मनात दया ठेवा, कारण न जाणो, एक दिवस मलाही अशाच दयेची गरज पडेल.

सकाळचा डाग आणि संध्याकाळची दया लेखकाने एकाच दिवसात घातली आहे. या कादंबरीचा नैतिक गाभा क्रुसात नसून त्या संध्याकाळच्या चार वाक्यांत आहे, असे माझे मत झाले आहे. जाणकारांनी साधकबाधक लिहावे.

वसईचा_वाटसरू

लेख आवडला. मी वसईतल्या कॅथलिक घरात वाढलो, त्यामुळे ही कादंबरी वाचताना मला भीतीपेक्षा संकोच अधिक वाटला होता, तो का ते सांगतो.

काउंटची बळी ठरून पिशाच झालेल्या लुसीच्या, म्हणजे मिनाच्या मैत्रिणीच्या, थडग्याचे दार बंद करताना व्हॅन हेल्सिंग पवित्र भाकर कुस्करतात, खिडकीच्या काचा बसवायला लांबी वापरतात तशा लगद्यात ती मळतात आणि फटी बुजवतात. कोणी विचारल्यावर ते सांगतात की ही मी ॲम्स्टरडॅमहून आणली आहे आणि माझ्याकडे ‘इंडल्जन्स’ आहे. कॅथलिक शिकवणीत इंडल्जन्स म्हणजे परवाना नव्हे. पापाची क्षमा झाल्यानंतरही जी शिक्षा भोगायची उरते, तिच्यात मिळणाऱ्या सवलतीला तो शब्द आहे, आणि पुढे करायच्या कृत्यासाठी तो कोणालाही आगाऊ मिळत नाही. आमच्याकडे मिस्सेच्या वेळी भाकरीचा कण खाली पडला, तर तो किती आदराने उचलला जातो हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही लांबी पाहून घाबरावे की चिडावे हे कळणार नाही. स्टोकर यांनी आमच्या चर्चचे सामर्थ्य उसने घेतले, पण त्याचे नियम घेतले नाहीत.

आता मिनाचा डाग. एखादे पाप प्राणघातक, म्हणजे आत्म्याचा घात करणारे, ठरण्यासाठी तीन गोष्टी लागतात, असे आम्हाला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवले जाई: बाब गंभीर असावी, ती पूर्ण जाणिवेने केलेली असावी आणि तिला मनापासून संमती असावी. मिनाच्या बाबतीत तिसरी अट सपशेल नाही, दुसरी जवळजवळ नाही. म्हणजे ज्या चर्चची भाकर तिला भाजते, त्याच चर्चच्या शिकवणीनुसार ती निर्दोष आहे. ही विसंगती लेखकाच्या अज्ञानातून आली असेल, असे मला पूर्वी वाटे. तुमचा लेख वाचल्यावर व्हॅन हेल्सिंग यांचे लगेच नंतरचे बोलणे पुन्हा काढून पाहिले. तू पापी आहेस म्हणून हा डाग उमटला, असे ते एकदाही म्हणत नाहीत. देव सर्व अन्यायांचे निवारण करील तोवर हा डाग राहील आणि तोवर आपण आपला क्रूस वाहायचा, जसा त्याच्या पुत्राने आज्ञाधारकपणे वाहिला, असे ते सांगतात. मिना डागाला शिक्षा समजते, ते त्याला क्रूस म्हणतात. हा फरक लहान नाही.

नगरकर_मावशी

माझे वडील पाळक, म्हणजे प्रॉटेस्टंट धर्मगुरू, होते. आमच्या घरी ‘मिस्सा’ हा शब्द नव्हता, ‘प्रभुभोजन’ होते. त्यामुळे मी ही कादंबरी हार्करच्याच बाजूने वाचली, असे म्हणायला हरकत नाही.

इंग्लंडच्या चर्चची जी एकोणचाळीस कलमे आहेत, त्यांतल्या अठ्ठाविसाव्या कलमात असे स्पष्ट म्हटले आहे की भाकर आणि द्राक्षारस यांचे तत्त्वतः रूपांतर होते हे मत पवित्र शास्त्राला धरून नाही, आणि हा संस्कार साठवून ठेवावा, मिरवत न्यावा, उंच धरावा किंवा त्याची पूजा करावी अशी ख्रिस्ताची आज्ञा नाही. व्हॅन हेल्सिंग नेमके हेच करतात. पाकिटात साठवतात, देशोदेशी नेतात, शत्रूपुढे उंच धरतात. त्यांच्याभोवतीचे इंग्लिश लोक ते निमूटपणे पाहतात, इतकेच नव्हे तर गुडघे टेकतात. त्या काळी इंग्लंडमध्ये चर्चमधल्या मेणबत्त्या, धूप आणि पोशाख यांवरून उभे भांडण होते. कॅथलिक वाटणाऱ्या विधींना आळा घालण्यासाठी १८७४मध्ये संसदेने कायदाही केला होता. त्या वाचकवर्गासमोर हे प्रसंग ठेवायला धाडस लागले असणार.

पण माझा खरा मुद्दा ‘अशुद्ध’ या शब्दाबद्दल आहे. बायबलमधल्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात कुष्ठरोग्याने वस्त्रे फाडून, ओठ झाकून ‘अशुद्ध, अशुद्ध’ असे ओरडत छावणीबाहेर राहावे, अशी आज्ञा आहे. मिना तेच शब्द दोनदा उच्चारते, याकडे जुनी_जिल्द यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. पहिली वेळ भाकरीच्या स्पर्शाआधीची आहे. अत्याचार झाल्यावर ती नवऱ्यापासून दूर सरते आणि म्हणते की मी अशुद्ध आहे, यापुढे मी त्याला स्पर्श करता कामा नये. त्यावर जोनाथन काय करतो? असला शब्द मला ऐकायचा नाही, असे ठामपणे सांगून तो तिला जवळ घेतो. शुभवर्तमानात कुष्ठरोगी येशूपुढे येतो, तेव्हा येशू आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि मग बरे करतो. क्रम असा आहे. माझ्या दृष्टीने या कादंबरीतला सर्वांत ख्रिस्ती क्षण कोणत्याही पवित्र वस्तूचा नाही, त्या मिठीचा आहे. मिनाची संध्याकाळची दया कुठून आली, हे शोधायचे असेल तर त्या पहाटेपर्यंत मागे जावे लागेल.

कोरडा_पाषाण

सर्वांचे लेखन विद्वत्तापूर्ण आहे, पण मला त्यात पुष्कळसे वकिलीसारखे वाटते. जंगली गुलाबाची फांदी, लसणाची फुले, वाहत्या पाण्याची अडचण आणि पवित्र भाकर ही सारी हत्यारे एकाच पिशवीत आहेत. हा नीतिविचार नव्हे, तोडगा आहे.

शिवाय सगळे मिनाविषयी बोलत आहेत. लुसीचे काय? तीन पुरुषांनी एकाच दिवशी मागणी घातली, तेव्हा तिने मैत्रिणीला लिहिले की मुलीला तिघांशी लग्न का करू देत नाहीत. आणि पुढच्याच वाक्यात, हे पाखंड आहे, बोलू नये, असेही लिहिले. एवढ्या थट्टेची किंमत तिने कशी मोजली? कबरीतून उठली, मुलांचे रक्त प्याली, आणि होणाऱ्या नवऱ्याने तिच्या छातीत खुंटी ठोकली. मिना टंकलेखन करते, पुरुषांची टिपणे जुळवून देते, आज्ञाधारक आहे, म्हणून वाचते. याला ख्रिस्ती दया म्हणायचे की १८९७च्या गृहस्थांची सोय?

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, धर्मशास्त्रातले मला फार कळत नाही. पण लुसीला चार पुरुषांचे रक्त चढवले जाते, ते प्रकरण वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता, तो वेगळ्याच कारणाने. लँडस्टाइनर यांनी रक्तगट शोधले ते १९०१च्या सुमारास, म्हणजे कादंबरीनंतर. कसलीही जुळवाजुळव न करता लुसीचा होणारा नवरा आर्थर, तिने नाकारलेला डॉक्टर सेवर्ड, व्हॅन हेल्सिंग आणि तिने नाकारलेलाच क्विन्सी यांचे रक्त एकामागून एक दिले जाते. आमच्या विभागात हे कोणी केले असते, तर पिशाचाची गरजच पडली नसती.

तरीही एक गोष्ट मनात राहिली. काउंट रक्त घेतो आणि हे देतात. सेवर्ड आपल्या रोजनिशीत लिहितो की प्रिय स्त्रीच्या शिरांत आपले रक्त जाताना काय वाटते, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. आणि ती तर त्याला नकार देऊन बसलेली असते. रक्तदान करणाऱ्यांचे चेहरे मी रोज पाहते, त्यामुळे हे मला खरे वाटले.

जुनी_जिल्द

मावशी, ‘अशुद्ध’ हा शब्द दोनदा येतो हे माझ्या नजरेतून निसटले होते. पुन्हा पाहिले, तुमचे म्हणणे अक्षरशः खरे आहे आणि माझ्या मांडणीत त्याने फरक पडतो.

कोरडा_पाषाण यांचा लुसीविषयीचा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही. पत्रातली थट्टा हे तिच्या अंताचे कारण आहे, असे मात्र पुस्तक म्हणत नाही. तिला झोपेत चालण्याची सवय आहे. इंग्लंडमधल्या व्हिटबी गावाच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात, कड्यावरच्या एका बाकावर, ती पहिल्यांदा सापडते. तो बाक आत्महत्या केलेल्या एका माणसाच्या कबरीवर आहे, आणि दगडावर मात्र त्याला गौरवी पुनरुत्थानाची आशा असल्याचे कोरलेले आहे. गावातले म्हातारे स्वेल्स त्या खोट्या मजकुराची यथेच्छ टर उडवतात. पिशाचाला पाय रोवायला जागा मिळाली ती तिथे. (दुसरीकडे व्हॅन हेल्सिंग सांगतात की पवित्र स्मृती नसलेल्या मातीत त्याला विसावाच मिळत नाही, हे दुष्टपण सगळ्या चांगल्याच्या मुळांत रुजलेले आहे. मग आत्महत्येची कबर कशी चालली? दोन्ही गोष्टी पुस्तकात आहेत आणि मला त्या जुळवता आलेल्या नाहीत.) लुसी झोपेत गेली, म्हणजे तिची संमती मिनाहूनही कमी. कादंबरीत उंबरठ्याचा नियम आहे: घरातल्या कोणी बोलावल्याशिवाय तो पहिल्यांदा आत येऊ शकत नाही. किल्ल्याच्या दारात तो हार्करलाही, स्वेच्छेने आत या, असे मुद्दाम सांगतो. पण मिना ज्या घरात होती, तिथे त्याला बोलावले ते रेनफिल्डने. एकाच्या होकाराची किंमत दुसरीने मोजली. संमतीचा हिशेब इतका चोख ठेवणारे पुस्तक याच दोघींच्या बाबतीत तो मुद्दाम बिघडवते, आणि त्यातूनच प्रश्न उभा राहतो, असे मला वाटते.

हा प्रश्न चर्चला नवा नव्हता. इ. स. ४१०मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटले, तेव्हा अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर अत्याचार झाले आणि लोक त्यांनाच नावे ठेवू लागले. संत ऑगस्टिन यांनी ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात त्याला उत्तर दिले की पावित्र्य मनाच्या निश्चयात असते. दुसऱ्याच्या बळजोरीने ते जात नाही, आणि म्हणून अशा स्त्रीने स्वतःला शिक्षा म्हणून जीव देऊ नये. मिनाही जीव देण्याचा विचार बोलून दाखवते आणि व्हॅन हेल्सिंग तिला निक्षून सांगतात की तू कोणाच्याही हातून मरता कामा नये, स्वतःच्या तर नाहीच. कथेतले त्यांचे कारण असे की काउंट जिवंत असताना ती मेली, तर तीही त्याच्यासारखी होईल. कारण कथेचे आहे, पण आज्ञा जुनी आहे.

धुक्यातला_कंदील

थोडे विषयांतर होईल, पण राहवत नाही. नारायण धारपांच्या कथांवर वाढलेल्या माझ्यासारख्या वाचकाला प्रश्न पडतो, तो असा: आपल्याकडच्या भयकथेत धारपांच्या ‘समर्थ’ या पात्रासारखा अधिकारी पुरुष लागतो. मंत्र कोणीही म्हणून चालत नाही, त्यामागे साधना लागते. इथे मात्र मूर्तिपूजेला नाक मुरडणाऱ्या हार्करच्या गळ्यातला क्रूसही काम करतो. मग यात नीतीचा संबंध कुठे राहिला? वस्तू पवित्र, माणूस कसाही असो.

वसईचा_वाटसरू

हे विषयांतर नाही, उलट मर्मावर बोट ठेवलेत. कॅथलिक शिकवणीप्रमाणे संस्काराचे सामर्थ्य तो देणाऱ्या धर्मगुरूच्या सद्गुणांवर अवलंबून नसते, कारण देणारा खरे तर ख्रिस्त असतो. धर्मगुरू पापी निघाला म्हणून मुलाचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) वाया जात नाही. साधनेने शक्ती कमवायची आणि कृपा फुकट मिळायची, या दोन वेगळ्या वाटा आहेत. हार्करला जे मिळाले, ते त्याने कमावले नव्हते. एका अनोळखी म्हातारीने स्वतःच्या गळ्यातले काढून दिले होते. तिची रात्र त्यानंतर कशी गेली असेल, याचा विचार मी नेहमी करतो. सेंट जॉर्जच्या आदल्या रात्री ती क्रुसावाचून झोपली.

कृपा स्वीकारणाऱ्याचे मन कसे आहे याला मात्र महत्त्व असते, हेही सांगितले पाहिजे. क्रूस हार्करचा गळा वाचवतो, त्याला मनातल्या सूडापासून वाचवत नाही. ३ ऑक्टोबरला नरकाची भाषा बोलणारा तोच आहे.

कोरडा_पाषाण

म्हातारीचा मुद्दा मान्य, तो मला सुचला नव्हता. पण मग शेवटाचे काय करायचे? काउंटने विसाव्यासाठी सोबत आणलेल्या पन्नास पेट्यांची माती पवित्र भाकरीने निरुपयोगी करण्यात अर्धे पुस्तक जाते, शेवटच्या पेटीचा वार्ना आणि गालात्झ या बंदरांपर्यंत पाठलाग होतो, व्हॅन हेल्सिंग आपल्या टोळीला जुन्या क्रूसयोद्ध्यांची उपमा देतात, आणि ६ नोव्हेंबरला सूर्यास्ताच्या वेळी काउंट मरतो तो जोनाथनच्या कुकरीने आणि क्विन्सीच्या शिकारी सुऱ्याने! ना खुंटी, ना प्रार्थना, ना भाकर. गुरख्यांचे हत्यार आणि टेक्सासचे हत्यार. एवढे धर्मकार्य करून शेवटी लोखंडच कामी आले ना?

नगरकर_मावशी

लोखंड कामी आले, हे खरे. पण त्या पानावर आणखी काय आहे, तेही वाचावे. क्विन्सीच्या कुशीत घाव आहे, त्याने हात दाबून धरला आहे आणि बोटांमधून रक्त वाहते आहे. कुशीतला घाव ख्रिस्ती वाचकाला कोणाची आठवण करून देतो, हे सांगायला नको. तो मिनाच्या कपाळाकडे बोट दाखवून म्हणतो की हिमसुद्धा याहून निष्कलंक नाही, शाप सरला. आणि सगळे पुरुष गुडघे टेकून ‘आमेन’ म्हणतात. रात्रपाळी यांनी म्हटले तसे, ज्याने आधी लुसीसाठी रक्त दिले होते, त्याने शेवटी सगळेच दिले. डाग भाकरीने उमटला आणि तो पुसला गेला तेव्हा एका मित्राचा जीव जात होता.

आणि काउंट धुळीत विरून जाण्याआधीच्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर शांतीची अशी छटा आली की तशी तिथे कधी दिसेल याची कल्पनाही करता आली नसती, असे मिना लिहिते. हे तिनेच लिहावे, दुसऱ्या कोणी नव्हे, यात सगळे आले. तिने ३ ऑक्टोबरला जे मागितले होते, ते तिला पाहायला मिळाले.

कोरडा_पाषाण

किंवा तिला जे पाहायचे होते, ते तिने पाहिले. साक्षीदार तीच, आणि रोजनिशीही तिचीच.

जुनी_जिल्द

ही शंका पुस्तकालाही आहे, गंमत तीच आहे. सात वर्षांनंतर जोनाथन एक लहानशी टीप जोडतो. त्यांना मुलगा झाला आहे, क्विन्सी ज्या तारखेला गेला त्याच तारखेला जन्मलेला, आणि त्याला हाकही क्विन्सी म्हणूनच मारतात. ते पुन्हा ट्रान्सिल्व्हेनियाला जाऊन आले, तेव्हा जुन्या गोष्टींचा मागमूसही उरला नव्हता. आपल्याजवळच्या कागदांत अस्सल म्हणावे असे फारसे काही नाही, बहुतेक नुसता टंकलेखनाचा ढीग आहे, हे त्यांच्या ध्यानात येते. त्यावर व्हॅन हेल्सिंग मुलाला मांडीवर घेऊन म्हणतात की आम्हाला पुरावे नकोत, कोणी विश्वास ठेवावा असे आमचे मागणे नाही.

मी ती टीप आज सकाळी पुन्हा वाचली, ती एकाच गोष्टीसाठी: जोनाथनने काउंटला क्षमा केली का, हे पाहण्यासाठी. आगीतून गेलो, असे तो म्हणतो. मित्राचे नाव आहे, किल्ल्याचा उल्लेख आहे. काउंटचे नाव त्या संपूर्ण टिपेत एकदाही येत नाही.

नगरकर_मावशी

आमच्या घरी एका भांडलेल्या नातेवाइकाचे नाव वीस वर्षे कोणी घेत नसे. वडील मात्र रोज रात्रीच्या प्रार्थनेत त्याचे नाव घेत, मोठ्याने नाही. जोनाथन त्यांच्यातला की बाकीच्यांतला, ते टिपेवरून मला सांगता येणार नाही.